न जोडलेली वायर

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर मला चैन पडणार नाही! आज कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये मी प्रॅक्टिकलच्या किटला, म्हणजे सर्किट आत असलेल्या त्या बंद डब्याला, एक वायर जोडायचीच विसरले, तरी मीटरवर बरोब्बर रीडिंग आलं! सरांना सांगितलं तर म्हणाले, "आलं ना? मग लिहून घे." पार्टनर प्राची कुजबुजली, "गप ना बाई, सबमिशन आहे!" मी हळूच जोडलेली दुसरी वायरही काढली. मीटरचा काटा होता तिथून हललासुद्धा नाही.

तेव्हापासून मला सगळ्या कोर्सचाच संशय येतोय. त्या बंद डब्यात सगळं आधीच जोडलेलं असेल आणि चुकलं तरी उत्तर बरोबरच येणार असेल, तर आम्ही इतके दिवस काय शिकतोय? उद्या नोकरीत खरं मशीन बंद पडलं, तर मी काय करणार? खरं सांगा, शिकताना तुमचंही असंच झालं, की तुम्हाला तरी कधी चुकायला मिळालं?