भिंत नसलेली पेशी

श्रीगजाननास वंदन करून, आज कांदेनवमीला स्वयंपाकघरातून येणाऱ्या कांद्याच्या वासाने जागी झालेली ही आठवण लिहितो. सत्तरच्या दशकात नागपुरातील मुलींच्या एका शाळेत मी संस्कृताबरोबर जीवशास्त्रही शिकवीत असे. चातुर्मास लागला होता. दुसऱ्या शाळेतून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक संध्याकाळी परत करायचा होता. गालाच्या आतल्या पेशी मुलींनी पाहिल्या, पण तुलनेसाठीचा कांद्याचा पापुद्रा त्यांच्या हातून सारखा फाटत होता, आणि मी व्रतस्थ असल्याने कांद्याला शिवत नव्हतो. ढग दाटून सूक्ष्मदर्शकाच्या आरशावरचा उजेड ओसरत होता; मी खिडकी आणि टेबल यांमध्ये नुसत्या येरझारा घालीत होतो. अखेर न राहवून मी कांदा उचलला. “गुरुजी, तुमाले तर चालत नाही ना!” एक मुलगी हसली. “खायचा नाही गं, पाहायचा आहे,” म्हणत मी पापुद्रा अलगद सोलून काचेवर ठेवला. तिने डोळा लावला. “अवं माय, विटा रचल्यावानी दिसून राहिलं! गुरुजी, याले भिंत हाय, मग आपल्या पेशीले काहून नाही?” “आपल्याला चालायचे असते म्हणून,” मी म्हणालो. उजेड सरण्यापूर्वी सगळ्या मुलींचे पाहून झाले. आज काठीवाचून माझे पाऊल उचलत नाही. वाचकहो, तो दयाघन आपणास व आपल्या घरच्या लहानथोरांस सदैव चालते ठेवो.