पाटावरचं ऊन पाणी

निर्मलाबाई दारात आल्या तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. होटगी रस्त्यावर मुलींचं एक बालगृह आहे, तिथल्या या अधीक्षक. माझी धाकटी बहीण नंदा कॅनडातून दर जानेवारीत यायची ती त्यांच्या वाट्याला जास्त आणि माझ्या वाट्याला कमी, त्यामुळं या बाईंविषयी माझ्या मनात गोड असं काही नव्हतं. आता हिनं काय काढलंय, असंच मनात आलं. त्या चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातलं उलथनं घेऊन गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "अक्का, जेवण झालं का तुमचं?" सकाळची वेळ, आंघोळ करून नुकती ओट्याशी उभी राहिलेली मी. जेवण कसलं होतंय? "न्हाय, आदी दोन घास खावा. मी बसते की हितं," असं म्हणून त्यांनीच डब्यातली भाकरी काढली, आमटी वाढली आणि समोर बसून राहिल्या. मी चिडून खाल्लं. आमच्याकडं मयताची बातमी माणसाला उपाशीपोटी सांगत नाहीत, नंतर अन्नाचा घास कधी उतरेल याचा भरवसा नसतो म्हणून. मैंदर्गीला आजोबा गेले तेव्हा शेजारणीनं अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, असंच आधी जेवू घातलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या दिवशी मला उमगलं नाही. निर्मलाबाई माझ्या हातावर पाणी घालायला उठल्या तेव्हा उमगलं. "कोण?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नंदाताई."

झोपेतच गेली. त्रास नाही, दवाखाना नाही. राजशेखर, तिचा नवरा, तिकडच्या सकाळी, म्हणजे इकडच्या रात्री, चहाला उठवायला गेला तेव्हा ती गार पडली होती... लोकांना वाटतं अशा वेळी माणूस आधी रडतं. मला आधी राग आला. पाठची बहीण माझी, आणि बातमी गेली बालगृहात! फोन माझा चालू होता, ओट्यावरच पडलेला होता. राजशेखरनं आधी निर्मलाबाईंना लावला, निर्मलाबाईंनी सकाळी येऊन मला भाकरी वाढली, आणि मग मला कळलं की मला आता बहीण नाही. जिवंतपणी वाटून घेतलीत ती घेतलीत, मेल्यावर तरी पहिला मान माझा ठेवायचा होता. मी हे निर्मलाबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुपारपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या.

आम्ही दोघीच बहिणी. मी महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले, लग्न केलं नाही, अव्वाजवळ राहिले. नंदाचं लग्न झालं आणि राजशेखर तिला घेऊन कॅनडाला गेला. लेक तन्वी तिकडंच जन्मली. तिकडं बर्फ पडायला लागला की हे तिघं इकडं येत, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा गाठून, आणि महिनाभर राहत. पहिली काही वर्षं तो महिना पूर्ण माझा आणि अव्वाचा असायचा. मग अव्वा गेली. तिच्या वर्षश्राद्धाला नंदाच्या मनात आलं की कुठल्यातरी लेकरांना जेवू घालावं. मीच त्या बालगृहाचं नाव सुचवलं, कारण आमच्या शाळेत तिथल्या दोन मुली होत्या. म्हणजे हा धोंडा मीच माझ्या हातानं पायावर पाडून घेतला. त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढायला गेलेली माझी बहीण पुन्हा पूर्णपणे माझ्या घरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या डोक्यातल्या उवा काढायला गेली, तिसऱ्या दिवशी कुणाचा ताप बघायला. पुढच्या वर्षी तर विमानतळावरूनच ठरवून आली होती. राजशेखर तिथले नळ आणि पंखे दुरुस्त करायचा, दहावीच्या मुलींना गणित शिकवायचा. तन्वी त्या मुलींत खेळून अशी भाषा शिकली की कॅनडातल्या शाळेत जाऊन "लई भारी" म्हणायची.

वरची खोली मी बारा महिने नंदासाठी झाडून ठेवत असे. गादीला ऊन दाखवायचं, चादरी धुवायच्या, तिला लागते तशी शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची. आणि ही बाई सकाळी चहा पिऊन रिक्षात बसली की दिवेलागणीला परत. चटणीचा डबा उघडावा तर अर्धा! विचारलं तर म्हणे, "पोरींना लई आवडली की अक्का, परत कर ना." माझी चटणी, माझ्याच हातची, आणि कौतुक करणाऱ्या त्या पोरी. एकदा तोंडावर बोलले मी तिला. म्हटलं, तू येतेस ती माझ्याकडं येतेस का त्यांच्याकडं, एकदा सांग. ती हसली. "अक्का, जीव जळतोय व्हय तुझा?" "जळतोय." "जळू दे, थंडी हाय," म्हणाली आणि माझीच शाल ओढून घेतली. भांडण करावं तर हिच्याशी करताही येत नसे.

पण एक सकाळ मात्र माझी होती, आणि ती तिनं कधी कुणाला दिली नाही. भोगीची. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, ते बाजरीच्या भाकरीचं आणि भोगीच्या भाजीचं. पण आमच्या घरात भोगी म्हणजे डोक्यावरून आंघोळ. धाकटीला थोरल्या बहिणीनं न्हाऊ घालायचं, ही अव्वाच्या माहेरची रीत. तीळ वाटून लावायचे, शिकेकाई, आणि शेवटी कपाळावर हात धरून डोळ्यांत पाणी जाऊ न देता तांब्या ओतायचा. न्हाणीत अव्वाच्या वेळचा लाकडी पाट आहे. लहानपणी त्या पाटावर बसताना नंदा दरवर्षी रडायची, "अक्का, पाट लई गार हाय गं." म्हणून मी आधी तांब्याभर ऊन पाणी पाटावर ओतायची आणि मग तिला बसवायची. ती पन्नाशी उलटून गेली, केस पिकले, तरी मी ओततच राहिले आणि ती थांबून राहायची, पाटातून वाफ निघेपर्यंत. पाठमोरी बसली की ती बोलायची. राजशेखरची नोकरी गेली होती ते मला पाटावर कळलं. तन्वीनंतरचं एक पोटात टिकलं नाही तेही पाटावर. तोंडं एकमेकींकडं असती तर ती बोलली नसती आणि मी ऐकलं नसतं. केस पुरते वाळायच्या आत ती बालगृहात पळायची, कारण भोगीला तिथंही मुलींच्या न्हाण्याचा घाट असायचा... हे मला ठाऊक होतं आणि तेच मला सगळ्यात जास्त लागायचं. इथं पाटावर बसून माझ्याकडून घेतलेलं ती तिथं जाऊन डोक्याडोक्याला वाटत असेल, असं मी धरून चालले होते. मला अनेकदा बोलावलं तिनं. मी गेले नाही. बघायचंच नव्हतं मला ते.

शोकसभा बालगृहातच झाली. तिथं तेवढी गेले. वक्ते एकामागून एक उठत होते. परदेशात राहूनही मातीशी नातं जपणारं कुटुंब, सगळ्या मुलींची आई, वगैरे वगैरे. मातीशी नातं! ती माती बारा महिने झाडून काढणारी मी पहिल्या रांगेत बसले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "त्यांच्या एक भगिनी इथं असतात." एक भगिनी. जशा काही तिला डझनभर होत्या. माझ्यामागं मुली हुंदके देत होत्या आणि मला वाटत होतं, पुरे करा, तुमचं काय गेलंय? तुम्हाला उद्या दुसरी कुणी मावशी मिळेल. मी आता कुणाची अक्का? हे छापायला बरं दिसत नाही, पण वाटलं ते वाटलं.

जानेवारीत राजशेखर आणि तन्वी आले. तिकिटं तिघांची काढलेली होती, दोघं आले. वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही, म्हणून मी भोगीला तीळही काढले नव्हते. सकाळी तन्वी खाली आली. "मावशी, चल ना, मुली वाट बघतायत. सण नाही करायचा, नुसतं डोकं धुणार आहेत." मी नाही म्हणणार होते. तिच्या चेहऱ्यावर झोप नव्हती आणि हनुवटी तर नंदाचीच... रिक्षात बसले.

बालगृहाच्या मागच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. बाहेरच्या चुलीवर पाण्याची मोठी पातेली चढलेली, तीळ वाटून ताटात ठेवलेले. मी भिंतीशी खुर्चीत बसले. मला वाटत होतं तसं तिथं काही नव्हतं. रांग लावून सगळ्यांची डोकी धुणारं कुणी मोठं माणूस नव्हतं. दोघी दोघींच्या जोड्या होत्या, एक थोरली, एक धाकटी. निर्मलाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "नंदाताईंनी लावलेली रीत हाय. नवी पोर आली की तिला एक अक्का नेमायची, आन भोगीला अक्कानंच धाकटीला न्हाऊ घालायचं." मी विचारलं, "आणि नंदा? ती काय करायची?" "त्या तुमी बसलाय तितंच बसायच्या, केस वाळवत. पोरी लई मागं लागायच्या, मावशी, तुमचं बी डोकं धुतो. तर म्हनायच्या, माजं झालंय, मला माजी अक्का हाय."

समोर एक दहावीतली मुलगी एका चिमुरडीला हाताला धरून घेऊन आली. चिमुरडी नवीन असावी, थंडीनं अंग चोरून उभी होती. थोरलीनं तिला लगेच बसवलं नाही. प्लास्टिकचा मग भरून घेतला, आणि आधी फरशीवर ऊन पाणी ओतलं. वाफ निघाली. मग म्हणाली, "हां, बस आता." मी उठून तिच्याजवळ गेले. विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" तिला प्रश्नच कळला नाही. "काय शिकवलं?" "हे, आधी पाणी ओतायचं." ती म्हणाली, "असंच करत्यात की. आदी जागा ऊन करायची, मग बसवायचं. न्हायतर गार लागतंय." तिला अक्का माहीत नव्हती, पाट माहीत नव्हता. नंदाचंही नाव तिनं घेतलं नाही. जगात सगळीकडं असंच करतात, अशा थाटात तिनं चिमुरडीच्या केसांत तीळ चोळायला सुरुवात केली आणि चिमुरडी, पाठमोरी, तिला काहीतरी सांगू लागली. काय ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायचं कारणही नव्हतं.

आनंद झाला म्हणू का? थोडा झाला. पण खरं सांगायचं तर जन्मात आला नव्हता इतका हेवा मला त्या क्षणी आला. आणि तो नंदा वाटून घेतल्याचा नव्हता. त्या दोघींपैकी एकीला अक्का होती आणि एकीला धाकटी बहीण होती. माझ्याकडं दोन्हीतलं काही उरलं नव्हतं. मी भिंतीशी जाऊन बसले आणि मग मला रडू आलं, इतके दिवस न आलेलं. निर्मलाबाईंनी मला रडू दिलं.

परतताना राजशेखरनं मला रिक्षात सांगितलं. बहुधा बरेच दिवस मनात घोळवत असावा. नंदा त्याला पूर्वीच बजावून ठेवायची, आपल्यातल्या कुणाचं काही झालं तर अक्काला फोनवर सांगायचं नाही. ती एकटी असते, उपाशी राहील. आधी कुणालातरी घरी पाठवायचं, तिला जेवू घालायचं, मग सांगायचं. "म्हणून मी निर्मलाबाईंना केला, अक्का," तो म्हणाला. "दुसरं कोण जाणार होतं?" मी म्हटलं, "भाकरी शिळी होती." तो हसला आणि त्यानं तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं.

जाण्याआधी दोघांनी वरची खोली आवरली. नंदाची इच्छा म्हणून तिचं सामान मुलींना द्यायचं ठरलं. मी आडकाठी केली नाही. साड्या गेल्या, स्वेटर गेले, चादरी गेल्या, मी जपून ठेवलेलं तिचं शाळेच्या वेळचं शिवणयंत्रही गेलं. चटणीचा डबा मी स्वतःहून भरून दिला आणि निर्मलाबाईंना सांगितलं, संपली की कळवा. शेवटी तन्वी न्हाणीच्या दाराशी उभी राहिली. "मावशी, आईचा पाट? तो बालगृहात ठेवला तर? आई सारखी सांगायची त्याच्याबद्दल. मुलींना बसायला होईल." मागणं चांगलं होतं. तिथं पाट नाही, फरशीवर बसतात बिचाऱ्या. नंदा असती तर तिनंही हेच केलं असतं, मला न विचारता.

मी नाही म्हटलं.

पाट न्हाणीतच आहे, भिंतीला टेकवून. मी आंघोळीला स्टूल घेते, गुडघ्यांमुळं मला पाटावर बसता येत नाही. तरी सकाळी पाणी तापलं की आधी पाट आडवा टाकते, तांब्याभर ऊन पाणी त्याच्यावर ओतते, आणि वाफ निघेपर्यंत थांबते.