प्रयोग झाला, लिहून घ्या

शाळामास्तराकडे किस्से आपोआप साठतात. खडूची भुकटी बाहीवर बसते ना, तसे. झटकले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. येत्या एप्रिलात मी रिटायर होतोय आणि स्टाफरूममध्ये जो तो म्हणतो, "सर, निरोपाच्या दिवशी तुमचे प्रयोगाचे किस्से होऊन जाऊ द्या, मजा येते."

मजा येते खरी. त्यांना. मी मात्र हल्ली किस्सा अर्ध्यावर सोडून वह्या तपासायला घेतो. बुलडाण्याजवळ, घाटावरच्या एका शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जे सांगितलं, ते मी कितीदा खोडायला लावलं. त्यात कोणाचं कायमचं नुकसान झालं की काय, तेवढं एक जाण्याआधी कळावं असं वाटतं.

*

आमच्या शाळेत मायक्रोस्कोप होता. होता म्हणजे कपाटात होता. पोरांच्या हातून फुटला तर वर उत्तर कोण देणार, म्हणून कुलूप, आणि चावी माझ्या खिशात. इन्स्पेक्शनच्या दिवशी तो बाहेर काढायचा, पुसायचा आणि टेबलावर फडकं अंथरून मांडायचा, अशी रीतच होती.

एका वर्षी साहेबांनी आठवीतल्या पोराला विचारलं, "काय रे, यातून काय काय पाहिलंस?"

पोरगं म्हणालं, "साहेब, याच्यातून काही नाही पाह्यलं. यालेच आज पाह्यलं."

साहेब हसले, हेडसर हसले, मीही हसलो. साहेबांची गाडी गेल्यावर मी त्या पोराचा कान पिरगाळला आणि मायक्रोस्कोप पुन्हा कपाटात ठेवला. चूक कोणाची आहे हे मला तेव्हाही कळत होतं.

*

नवीन होतो तेव्हा उत्साह फार. फुलाचे भाग शिकवायचे होते. सांगून टाकलं, "उद्या प्रत्येकानं एक जास्वंद आणायची."

वर्गात साठ पोरं. सकाळी गावातली एकूण एक जास्वंद माझ्या टेबलावर! पोरं ब्लेडनं परागकोश कापतायत, बोटं पिवळी झालीयेत, वर्ग असा रंगलाय की काय सांगू. तेवढ्यात देवळातले महाराज दारात येऊन उभे. हातात रिकामी परडी.

शांतपणे म्हणाले, "सर, देवाले आज सुट्टी हाय का?"

हेडसरांनी मला बोलावून घेतलं. तेव्हापासून मी फूल फळ्यावर काढायला लागलो. रंगीत खडूनं, पुंकेसर-बिंकेसर एकदम झकास. पोरांनी ते वहीत उतरवून घ्यायचं. खिडकीबाहेर जास्वंद फुललेली असायची, पण तिच्याकडे पाहणाऱ्याला मी दम द्यायचो, "फळ्याकडे बघ."

*

मग हळदीच्या कागदाचा प्रयोग. कागदाला हळद लावायची, वाळवायचा, त्यावर साबणाचं पाणी टाकलं की लाल होतो. म्हणजे पदार्थ आम्लारी. हे मात्र मी पोरांच्या हाती दिलं, कारण फुटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मधल्या सुट्टीत पोरं सुटली की हो. राख, सोडा, लिंबू, नळाचं पाणी, काही सोडलं नाही. एक जण तर थेट हेडसरांच्या टेबलापर्यंत पोचला आणि वर्गात येऊन जाहीर केलं, "सर, हेडसरच्या डबीतला चुना लाल निघाला!"

हेडसर तंबाखू खातात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण शाळेत ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं असतं. मी सगळ्यांचे कागद गोळा केले आणि म्हणालो, "बस. प्रयोग झाला, लिहून घ्या." किती खुशीत होती बिचारी. अजून दोन दिवस करू दिलं असतं तर माझं काय जात होतं?

*

बी उगवण्याचा प्रयोग तर मी शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवायचो, म्हणजे बघा. काचेचा ग्लास, ओला कापूस, तीन मूग. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमचे बाबा पेरणीच्या आधी सोयाबीनचे शंभर दाने ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. मंग किती उगवले ते मोजतात."

मी म्हणालो, "ते घरचं झालं. तू पुस्तकातलं लिही."

पुढे पालकसभेला त्याचे वडील आले. टेबलावरचा ग्लास निरखून पाहिला आणि विचारलं, "सर, किती उगवले?"

"तीन."

"कितीतले?"

"तीनातले."

"मंग काही चिंता नाही," ते म्हणाले, "पेरून टाका बिनधास्त."

सभा हसून लोटपोट. मी मात्र त्यांचा राग धरला आणि तो राग वर्षभर पोरावर काढला. आता आठवलं की लाज वाटते.

*

आणि आता प्रतीक्षाचं.

नववीचा वर्ग. स्पिरिटचे दिवे, आठ गट, आठ थर्मामीटर. पाण्याचा उत्कलनांक काढायचा. पाणी खळाखळा उकळायला लागलं आणि आठही गटांतून ओरड सुरू झाली, "सर, पारा अठ्ठ्याण्णवच्या वर जाऊनच नाही राह्यला."

मी म्हणालो, "थर्मामीटर खराब असतील. शंभर लिहा."

सगळ्यांनी शंभर लिहिलं. प्रतीक्षानं अठ्ठ्याण्णव लिहिलं. मी लाल पेनानं काट मारली. ती उठून उभी राहिली.

"सर, आठही खराब हायेत काय?"

"जास्त शहाणपणा करू नकोस. परीक्षेत शंभरच येतं."

तिनं खोडरबर घेतलं. कागद फाटेपर्यंत खोडलं आणि वर शंभर लिहिलं.

उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बी.एस्सी.ला मीच पाठ केलं होतं. पण ते हिमालयाचं, मोठमोठ्या डोंगरांचं. आपला घाट त्यात धरायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. आलं ते दोन वर्षांनी, मोताळ्याहून एस.टी.नं घाट चढताना कान बंद झाले तेव्हा. तोवर पोरगी शाळा सोडून गेली होती.

मनात मात्र ते राहूनच गेलं. गेल्या हिवाळ्यात कळलं की ती सोनाळ्याकडच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. एकदा भेटायचं आणि तोंडानं सांगायचं, "पोरी, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं," एवढ्यासाठी मी दोन एस.टी. बदलून घाटाखाली उतरलो.

शाळेत पोचलो तर तिचा सातवीचा वर्ग चालू होता. टेबलावर दिवा, वर पाण्याचं भांडं, आणि पोरं भोवती कोंडाळं करून उभी. मला फार बरं वाटलं. मी दाराशीच थांबलो.

एक चिमुरडी थर्मामीटरला नाक लावून म्हणाली, "मॅडम, नव्व्याण्णवलेच थांबलं हे."

"खराब असंल ते," प्रतीक्षा म्हणाली. "शंभर लिहा."

मग तिची नजर दाराकडे गेली. धावत आली, वाकून पाया पडली आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "उभे राहा रे सगळे. मला विज्ञान या सरांनी शिकवलं."