पुढं हो, मी मागनं बघतो

आमचा मानसिंग मेढ्याच्या पंचक्रोशीत पळण्यासाठी प्रसिद्ध. शाळेत पहिला, जत्रेत पहिला, पुढे फौजेत पलटणीकडून पळायलाही हाच. स्वभाव मात्र इतका भाबडा, की कुणी गोड बोललं की झालं. निवृत्त होऊन गावी आला तो दुखरा गुडघा घेऊनच. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, तेव्हा गडी दोन दिवस जेवला नाही.

त्याला सायकलवर बसवलं अर्जुनाने. हाही आमच्याच वर्गातला. पळण्यात कायम दुसरा, आणि आता आठ वर्षं सायकलवाला. सातारा ते सांगली शर्यतीत दोघांनी उतरायचं ठरलं आणि मानसिंग पुन्हा माणसात आला.

अर्जुनाचा सल्ला एकच. "तू पळणारा गडी, मांड्या दगडागत हायत तुझ्या. जड गिअरवरच दाब. हलक्यावर पोरं चालवत्यात. आन तू पुढं हो, मी मागनं बघतो काय चुकतंय ते."

मानसिंग वर्षभर पुढे राहिला. वारा अंगावर घेत, चढावर दात-ओठ खात पेडल दाबत. गुडघा सुजला की अर्जुना म्हणायचा, "बसंल हळूहळू, सोडू नगंस." मित्र असावा तर असा, म्हणून मी त्याची पाठ थोपटली होती. आठवलं की अजून स्वतःचीच चीड येते.

शर्यतीला तीन आठवडे उरले आणि मानसिंगला जिना उतरता येईना. मी त्याला मिरजेला नेलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट राजेश्वरी मॅडमनी त्याला दवाखान्यातल्या सायकलवर बसवलं आणि घड्याळ लावून पेडलचे फेरे मोजले. मिनिटाला अठ्ठावन्न.

"पळताना मिनिटाला किती पावलं पडायची?"

"एकशे ऐंशी."

"म्हणजे एका पायाची नव्वद. मग इथंही नव्वदच फेरे हवेत की! गिअर हलका ठेवायचा. पेडल आपटायचं नाही, चपलेचा चिखल पुसतो तसा पाय खालून मागे ओढायचा. हे जड दाबून दाबून सगळा भार गुडघ्यावर घेतलात. कुणी शिकवलं तुम्हाला?"

मानसिंग सायकलवरून उतरून चपला घालू लागला. यंदाची शर्यत विसरा, घाट कायमचा विसरा, असंही त्यांनी सांगितलं. परतीच्या एसटीत तो एवढंच बोलला, "अर्जुनाला ठावं नसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सातारा रस्त्याच्या वळणावर उभे राहिलो. अर्जुना एकटाच सराव करत आला. मी घड्याळ धरलं, मानसिंगने त्याचा उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजलं. पंधरा सेकंदांत तेवीस, म्हणजे मिनिटाला ब्याण्णव. हलका गिअर, पायांची नुसती भिंगरी. वर्षभर पुढे ठेवलेल्या माणसाने हे पाय कधी पाहिलेच नव्हते.

मानसिंगने हात करून त्याला थांबवलं. "तुला ठावं हुतं?"

अर्जुना हँडलकडे बघत राहिला. थापा मारेल असं वाटलं, पण नाही. "शाळंपासनं तुझी पाठच बघत आलो रं. सायकल तेवढी माझी हुती. तितंबी तूच पुढं गेला असतास."

माझे हात त्याची कॉलर धरायला शिवशिवत होते. मानसिंग मात्र कडेच्या दगडावर बसला, पाय हळूच सरळ केला आणि म्हणाला, "शर्यत मागायची हुतीस, गड्या. दिली असती. गुडघा कशाला नेलास?"