सतरा हजार वर्षं लवकर आलेला अर्ज

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला, जून २००२ च्या शेवटच्या सोमवारी, दुपारी तीनला. जालन्यातल्या एका नर्सिंग कॉलेजचा अर्ज तिनं वेबसाइटवर भरला होता. वेबसाइटचं सॉफ्टवेअर गेल्या शतकातलं. ते १९०० पासूनची वर्षं मोजून '१९' पुढं जोडायचं; ९९ नंतर १००, १०१, १०२, म्हणून छापील अर्जावर त्यानं साल टाकलं १९१०२.

खिडकीतला बाबू हसला. "ताई, सतरा हजार वर्षं लवकर आल्या तुम्ही. असा अर्ज चालत न्हाई."

"साल तुमच्याच वेबसाइटनं टाकलंय."

"बाकी बराबर चालू राह्यलंय ना? दर दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करतो आम्ही. मंग हात कशाला लावायचा?"

मुदत त्याच दिवशी संपली. बहीण आमच्या गावी, आष्टीला परतली, नर्स झाली नाही.

तुमच्या गावच्या संस्थेचं सॉफ्टवेअर कोणत्या सालचं आहे, उद्याच जाऊन विचारा. उत्तर लेखी घ्या.