स्टेशनावरचा म्हातारा

गर्दी कधी चुकत नाही, असं त्या काळी मी छातीठोकपणे सांगत असे. मुंग्या काय, मधमाश्या काय, माणसं काय, सारखंच. एकटा माणूस मूर्ख, पण शंभर जण जमले की शहाणे. याच तत्त्वावर दिसेल त्या रांगेत मी उभा राहायचो. एकदा नंबर आल्यावर कळलं, रांग रॉकेलची आहे. माझ्या हातात कापडी पिशवी होती.

बाबा पोट धरून हसले. त्यांची सारी हयात पारशिवनीकडे शेतीत गेलेली. आंब्याला लटकलेलं मोहोळ जागा बदलताना त्यांनी कितीदा पाहिलं होतं. म्हणाले, "माशीले तुह्यापेक्षा अक्कल आहे गा. एकीनं जागा सांगतली, तरी दुसरी सोता जाऊन पाहून येते. तू काय पाहतं? समोरच्याची पाठ!"

पुढे त्यांची आठवण विस्कटू लागली. शेत-बैल विकून मी त्यांना नागपुरात माझ्याकडे आणलं होतं. ते रोज विचारत, "बैल सोडले का?" मी रोज म्हणायचो, "सोडले, बाबा."

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणूक पाहायला अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. मी वळून पाहिलं, तर घराच्या ओट्यावर बाबा नव्हते. शेजारी धावले. "कुठं गेले असतीन म्हातारबुवा?" कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, "स्टेशनावर असतीन. सकाळपासून गावाले जातो म्हणून राहिले होते."

एवढंच. सगळी गल्ली स्टेशनाकडे निघाली. मीही. फलाट, मालधक्का, रिक्षांचा अड्डा, सगळं पालथं घातलं. दुपारी पानठेलेवाला म्हणाला, "तुमचे बाबा स्टेशनाकडे जाताना दिसले म्हणतात." मला कोण आनंद झाला! पुढे एक सायकलवाला म्हणाला, "फलाटावर बसून आहेत म्हणतात." दोघं एकच सांगतात म्हणजे खरंच असणार. माझाच अंदाज हिंडून-फिरून माझ्याकडे परत आलाय, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की काय भरवशाचं वाटतं!

संध्याकाळी बाबा सापडले. आमच्या घरामागच्याच गल्लीत, दूधवाल्याच्या गोठ्यात. गव्हाणीला टेकून, गाडीच्या बैलाशेजारी. बैलाच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून ताजा होता. बाबांचं अंग गार झालं होतं.

दूधवाला माझ्यासमोर खालीच बसला. "दुपारी आले भाऊ. पानी देल्लं, पेले. म्हने, बैल सोडून जातो, माहा पोरगा घ्याले येऊन राहिला. मी भाईर जाऊन इचारलं, कोनाचा म्हातारा हरवला का गा? तर सारे म्हने, हरवला होता, पन तो तं स्टेशनावर सापडला. मंग मले वाटलं, हे दुसरेच कोनी."

दुसऱ्या दिवशी घाटापर्यंत तीच सगळी गर्दी आली. या वेळी माझ्यामागून. विस्तवाचं मडकं हातात धरून मी पुढे चालत होतो, आणि समोर कोणाचीच पाठ नव्हती.