रेघेपतुर तेल

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढं ऐकताना कुणाला वाटायला नको की म्हातारी शूरपणाच्या गप्पा हाणतेय. विंचू निघाला तर मी चप्पल शोधते, साप निघाला तर काठी. पण इंजिन चालू झालं की आजही मला तिथं थांबवत नाही. नातू फटफटीला किक मारतो तेव्हा मी देवघरात जाऊन बसते. त्याला हसू येतं. हसेना का, त्याला काय माहीत.

आमची वस्ती कळंबच्या शिवारात, कॅनॉलच्या पाण्यावर. वांगी, मिरच्या, कोबी, थोडी केळी, आणि हा सगळा माल बारामतीच्या बाजाराला. बैलगाडी आदल्या संध्याकाळी निघायची आणि तिथं पोचेपर्यंत वांग्यांनी माना टाकलेल्या असायच्या. आमचे हे लढाईत मिलिटरीच्या गाड्या चालवायला होते. लढाई संपल्यावर त्यांनी लिलावातली एक जुनी पिकअप आणली. पुढं बसायला केबिन, मागं उघडा हौदा, रंग शेवाळलेल्या रांजणासारखा. पेट्रोलवर चालायची आणि पेट्रोल अशी प्यायची की माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, म्हणायच्या की हिच्यापेक्षा खरी म्हैस बरी, ती निदान दूध तरी देते.

तसंच सात-आठ वर्षं चाललं. मग ह्यांच्या डोक्यात आलं की पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि डिझेलचं बसवायचं. पुण्याच्या भंगारातून एक जुनं डिझेल इंजिन आणलं, बारामतीहून एका मिस्त्रीला दोन दिवस बोलावलं, आणि आमच्या अंगणात सगळा पसारा मांडला. इंजिन उचलायचं कशानं? तर मोटेचं चाक काढलं, तीन जाड वासे उभे करून त्यावर टांगलं, मोटेचा नाडा इंजिनाला बांधला आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी जुंपली. बैल पुढं गेले की इंजिन वर, मागं सरले की खाली. आणि त्या लोंबत्या लोखंडाखाली वाकून हे म्हणतायत, अजून थोडं, अजून थोडं. मी दाराआड उभी. एखाद्या बैलाला गोमाशी चावली तर काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात. दोन्ही बैलांच्या शेपट्या मी सारख्या बघत होते.

इंजिन बसलं. चालू झालं. सगळी वस्ती गोळा झाली. ह्यांनी ऐटीत किल्ली फिरवली, काढून खिशात टाकली आणि खाली उतरले. इंजिन आपलं धडधडतंच आहे. पुन्हा वर चढले, किल्ली घातली, फिरवली, काढली. तरी चालूच. लोकांची हसून मुरकुंडी वळली. इतकी वर्षं पेट्रोलच्या गाड्या हाकलेला माणूस, त्यांना काय ठाऊक की डिझेल किल्लीला जुमानत नाही. मिस्त्रीनं एक बटण दाखवलं. ते ओढलं की आतली तार इंजिनाचं डिझेल तोडते, मग ते बंद पडतं.

मला राहवलं नाही. मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं, विचारा की तार तुटली तर? माझं हे असंच. आमचे हे म्हणायचे, हिचा सगळा संसार ‘तर काय’वर चाललाय. आत्याबाईंनी विचारलं. मिस्त्री हसला नाही, हे मला आजही आठवतं. त्यानं इंजिनाच्या बाजूला बसवलेला फिल्टर दाखवला. त्याला वर हवा ओढायचं तोंड होतं, वाटीएवढं. म्हणाला, “तर त्याचं नाक दाबायचं. हवा बंद, इंजिन बंद. पण हात लावू नका, हात वढून घेईल.”

त्या दिवसापासून माझ्या मागं नवी भीती लागली. आधी फक्त कॅनॉलच्या पुलाच्या चढाची होती. माल भरलेली गाडी त्या चढावर बंद पडली आणि मागं मागं घरंगळत पाण्यात गेली, हे मी जागेपणी मनातल्या मनात कितीदा बघितलं असेल. बाजारादिवशी उन्हं कलली की माझं कामात लक्ष लागायचं नाही. लांबून गाडीचा आवाज आला की मग घोटभर पाणी घशाखाली उतरायचं. हे रोज सांगायचे की ह्या रस्त्याची धूळ इंजिनाला खाते, एकदा का धूळ आत गेली की इंजिन कुठंही दगा देईल. कुठंही म्हणजे माझ्या मनात तो चढच. धूळ आत जाऊ नये म्हणून तर तो फिल्टर. त्याच्या बुडाशी एक भांडं, भांड्यात तेल, हवा त्यावरून जाते आणि धूळ तेलात बसते. हे दर आठवड्याला स्वतः ते भांडं घासलेटनं धुवायचे आणि नवं तेल घालायचे.

एकदा बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिनाखालून तेल टिपकायला लागलं. ह्यांनी गाडीचं तोंड जॅकनं उचललं, पुढच्या बाजूला बाभळीचे दोन ओंडके लावले, जॅक काढून घेतला आणि पाठीवर झोपून खाली शिरले. खालचं पॅकिंग बदललं. हात सगळे काळे. तिथूनच मला हाक मारली आणि म्हणाले, “अगं, त्या फिल्टरचं भांडं धू आणि तेल घाल. आत रेघ हाय बघ. रेघेपतुर घाल.”

मी कधी त्या गाडीला हात लावला नव्हता. पण भांडं धुणं हे तर बायकांचंच काम, त्यात काय. घासलेटनं लख्ख केलं, तेलाचा डबा घेतला, ओतायला लागले. रेघ दिसली. काठाच्या चांगली तीन बोटं खाली.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते, म्हणजे कळेल. आमच्या घरात अर्धं भांडं कुणापुढं ठेवायची रीत नव्हती. पायलीनं दाणे मापले तरी वर शीग लागायची. नवी होते तेव्हा एका गड्याला मी पाऊण पेला ताक दिलं, तर आत्याबाईंनी त्याच्या देखत पेला माझ्या हातातून घेतला आणि काठोकाठ भरून त्याला दिला. नंतर मला म्हणाल्या की तुझ्या माहेरी असेल तसं, हितं न्हाय. मी त्या रेघेकडं बघितलं आणि वाटलं, ही कारखानदारांची कंजुषी. तीन बोटं रिकामं ठेवायचं आणि वर धुळीपासून राखायला सांगायचं. आणि खरं सांगायचं तर रीतभात नंतरची. मला तो कॅनॉलचा चढ दिसत होता. जितकं तेल जास्त तितकी धूळ कमी, तितका माझा माणूस घरी येणार. मी काठापर्यंत भरलं. वर मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. भांडं जागी बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले.

तेल कुठून टिपकतंय ते चालू इंजिनावरच कळतं, म्हणून ह्यांनी थोरल्या दिरांना गाडीत बसवलं आणि स्वतः खालीच राहिले. थोरल्या दिरांसमोर मी कधी डोईवरचा पदर खाली येऊ दिला नव्हता की शब्द बोलले नव्हते. इंजिन चालू झालं. मी भाकरी तव्यावर टाकली. धडधड नेहमीसारखी. मग ह्यांचा आवाज ऐकू आला, जरा वाढवा. धडधड वाढली. भाकरी उलटली, शेकली, ताटलीत ठेवली. जेवणवेळ झालीच होती, म्हणून ह्यांच्यासाठी भिंतीला टेकवलेला बसायचा पाट उचलला आणि मांडायला वाकले.

आवाज वाढतच होता. कमी होईना. मी वाकल्या जागी थांबले. धडधडीची एकच लांब किंकाळी झाली. फळीवरची भांडी वाजायला लागली. तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

बाहेर आले तर अंगण धुरानं भरलेलं. थोरले दीर केबिनमधून उडी मारून खाली आलेले, हातात ते बटण, मागं लोंबणारी तार. त्यांनी बंद करायला ओढलं, बंद होईना, पुन्हा ओढलं, तर तार उपटूनच हातात आली. ते ओरडत होते, पण एक शब्द कळत नव्हता. आत्याबाई गोठ्याच्या दारात तोंडावर हात धरून. आणि गाडी उभ्या जागी थरथरत होती, त्या थरथरण्यानं उजवीकडचा ओंडका इंच इंच सरकत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो निसटला. गाडी त्या अंगाला वीतभर बसली.

खालून ह्यांचे दोन पाय बाहेर होते. टाचा मातीत घासत होत्या. माणूस बाहेर यायला बघत होता आणि त्याला येता येत नव्हतं.

जळक्या तेलाचा वास आला आणि मला कळलं. शाळा न शिकलेल्या बाईला कसं कळलं म्हणाल, तर गुन्हेगाराला आधी कळतंच. ते इंजिन डिझेल पीत नव्हतं, मी फिल्टरात घातलेलं तेल हवेबरोबर ओढून पीत होतं. तार ओढून काय होणार होतं? मी रडले का, मला आठवत नाही. मिस्त्रीचं बोलणं तेवढं आठवलं, त्याचं नाक दाबायचं.

पाट माझ्या हातातच होता.

मी पळाले. पदर कुठं गेला, थोरले दीर कुठं उभे, काही बघितलं नाही. मडगार्डवर गुडघा टेकला, तर गाडी माझ्या वजनानं आणखी हलली, आणि खाली कोण आहे ते आठवून मी गुडघा काढून घेतला. मग जमिनीवरूनच टाचा उंचावल्या, इंजिनावर ओणवी झाले आणि पाट उलटा करून फिल्टरच्या तोंडावर धरला. कुणीतरी आतून ओढावा तसा तो हातातून ओढला गेला आणि तिथं चिकटला. मी वरून दोन्ही हातांनी दाबला. तोंडावर गरम तेलाचे शिंतोडे उडत होते. इंजिनानं आचके दिले. एक, दोन, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. आणि बंद पडलं.

इतकी शांतता झाली की गोठ्यात बैलांनी वैरण चघळल्याचा आवाज ऐकू आला. टाचा हलत नव्हत्या. आणि मग खालून, विहिरीतून यावा तसा, ह्यांचा आवाज आला, “जॅक लावा.”

थोरल्या दिरांनी जॅक लावून त्यांना ओढून काढलं. छातीवर सदरा फाटलेला, कातडी सोलवटलेली, बाकी धड. गाडी बोटभर आणखी खाली बसली असती तर फासळ्या राहिल्या नसत्या. त्यांनी पाणी मागितलं नाही. आधी उठून फिल्टर खोलला, नळीत बोट घातलं, बोट तेलानं निथळत बाहेर आलं. ते बोटाकडं बघत राहिले आणि मग माझ्याकडं बघितलं.

आत्याबाईंनी विचारलं, काय झालं रे असं. हे म्हणाले, तेल जास्त पडलं माझ्या हातनं. आत्याबाईंनी मीठ-मिरच्या आणून माझी दृष्ट काढली. ह्यांची नाही, माझी. दुपारपर्यंत त्यांनी वस्तीभर केलं की सुनेनं पाटानं इंजिन मारलं आणि माझा लेक वाचवला. बाया येऊन माझा हात हातात घेत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

दुपारी हे जेवायला बसले, पाट तेलानं माखलेला म्हणून जमिनीवरच. भाकरी मोडायला घेतली तर हात इतके कापत होते की मोडेना. लढाईवरून आलेला माणूस, त्याला मी कधी कापताना पाहिलं नव्हतं. मी भाकरी घेतली, दुधात कुस्करली आणि ताट पुढं ठेवलं. मग एकदम बोलून गेले, “मी काठापतुर भरलं. रेघ दिसत होती, तरी भरलं.”

“म्हाईत हाय,” ते म्हणाले, आणि खाली मान घालून जेवले.

आठ दिवस गाडी तशीच उभी. मिस्त्री आला, त्यानं इंजिन उघडून बघितलं, नशीबवान आहात म्हणाला, नवी तार घातली. गळती मात्र होती तिथंच. पुन्हा तेच करायचं, गाडी उचलायची, खाली शिरायचं, चालू इंजिनावर बघायचं. ह्या वेळी खाली दगडी चिरे रचले. आणि सगळं झाल्यावर ह्यांनी धुतलेलं भांडं आणि तेलाचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला.

मी हात मागं घेतले. म्हटलं, मला सांगू नका, कुणालाही सांगा, ह्या हातांवर माझाच भरवसा न्हाय. ते उकिडवे बसले, भांड्यातल्या रेघेवर नख ठेवलं आणि म्हणाले, “तूच घालायचं. ह्या रेघेला तुझ्याएवढं भेनारं आता दुसरं कोण हाय?”

मी घातलं. थेंब थेंब घातलं. रेघेवर थांबले, डबा लांब ठेवला, भांडं सपाट जागी ठेवून दोनदा बघितलं. ह्यांनी बघितलं नाही. तसंच नेऊन बसवलं आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकले. बाहेर राहिले फक्त पाय.

थोरले दीर गाडीत बसले. त्यांनी ह्यांना काही विचारलं नाही. समोर बघत मलाच विचारलं, करू का चालू. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले होते. मी पदर सावरला, घरात जाऊन पाट आणला, फिल्टरपाशी छातीशी धरून उभी राहिले आणि म्हटलं, करा.